ॲम्ब्युलन्सला रेंज आहे का?

तीन वर्षांपूर्वी मी एक बातमी लावली होती. ‘तालुक्यात हायटेक ॲम्ब्युलन्स दाखल’. दोन कॉलम, वर फोटो. फोटोत फीत, कात्री आणि अकरा माणसं. प्रेसनोटमध्ये लिहिलं होतं की आता पेशंटचा ईसीजी गाडीतूनच थेट हॉस्पिटलला जाणार. मी ते जसंच्या तसं छापलं. डिप्लोमाला असताना सहा ककार घोकून घेतले होते, पण त्यातला ‘कुठे’ त्या दिवशी विसरलो. गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार आणि त्या रस्त्यावर रेंज आहे का, हे विचारायचं सुचलंच नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच गाडीत मी मागे बसलो होतो. स्ट्रेचरवर माझे काका.

आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात, घाटाखाली. संध्याकाळी काकांच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम. गाडी वेळेत आली, त्याबद्दल तक्रार नाही. आतल्या मुलानं भराभर वायरी लावल्या, ईसीजी काढला, बटण दाबलं. स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. पुढून ड्रायव्हर म्हणाला, “हय टावर नाय. पुलार गेल्यावर गावतलो.” पुलावर टॉवर गावला, पण तोवर ॲप बाहेर पडलं होतं आणि परत पासवर्ड मागत होतं. पासवर्ड टाकेपर्यंत पूल मागे गेला.

पन्नास मिनिटांनी हॉस्पिटलला पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, “ईसीजी काढलाय?” मुलगा म्हणाला, “पाठवलाय सर.” डॉक्टर म्हणाले, “आला नाही.”

मग ईसीजी परत काढला आणि त्यानंतर इंजेक्शनची तयारी सुरू झाली. काका वाचले. पण हृदय कमजोर झालंय. पूर्वी डोक्यावर भारा घेऊन बांध चढायचे, आता अंगणातनं पडवीत येतानाही थांबतात. ती मिनिटं वाचली असती तर वेगळं झालं असतं का? डॉक्टर म्हणाले, एका माणसाबद्दल तसं ठामपणे सांगता येत नाही. मीही सांगत नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही, कारण गाडीतला मुलगा, ड्रायव्हर, डॉक्टर, कुणीच कामात कसूर केली नव्हती. चूक झाली होती ती यंत्र निवडताना, आणि त्या निवडीचं कौतुक छापणाऱ्यांत मी होतो.

आता मुद्द्याचं. हार्ट ॲटॅकमध्ये रक्ताची गाठ नळी बंद करते आणि पुढचा स्नायू दर मिनिटाला मरत जातो. म्हणून पेशंटला पहिल्यांदा हात लावल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा डॉक्टरांचा दंडक आहे. तो ईसीजी गाडीच्या आधी हॉस्पिटलला पोचला, तर तिथे इंजेक्शन नाहीतर अँजिओप्लास्टीची टीम तयार राहते. तामिळनाडूत हे करून पाहिलंय. लहान दवाखाने, ॲम्ब्युलन्स आणि मोठी हॉस्पिटलं एका साखळीत जोडली. २,४२० पेशंटांचा तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. आमच्या शेजारी गोव्यानंही अशी साखळी उभी केलीय. मध्यभागी बांबोळीचं मेडिकल कॉलेज आणि भोवती लहान सरकारी दवाखाने. म्हणजे कल्पना खरी आहे. फक्त साखळीतली एक कडी हवेतून जाते, आणि ती कडी कुणी तपासत नाही.

यंदा आमच्या गावात लोकवर्गणीतून नवीन ॲम्ब्युलन्स घ्यायचं ठरलं. मी वर्षभर याच विषयावर सगळ्यांचं डोकं खाल्लेलं, म्हणून मलाच समितीत टाकलं. “बोलतोस ना, मग ये आता.” तीन विक्रेते आले. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून, वायफायवर, चकाचक. एकानं गाडीतून लाइव्ह व्हिडिओ दाखवला. २०२२ ला 5जी सुरू झालं तेव्हापासून ‘5जी ॲम्ब्युलन्स’ हा शब्द प्रदर्शनांतून फिरतोय, तो इथेही आला. सभासद खूश. तेवढ्यात मागे उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, “हॉलात कित्याक दाखवतास? घाटात चला.”

लाखभर रुपये वाचवणारं वाक्य होतं ते.

आधी मी साधा हिशोब मांडला. ईसीजीच्या बारा लीड, दहा सेकंदांची नोंद, सेकंदाला ५०० ठिपके, एका ठिपक्याला दोन बाइट. गुणाकार केला की १,२०,००० बाइट होतात. म्हणजे १२० केबी. आपण सकाळी ‘शुभ प्रभात’चा फोटो पाठवतो, साधारण तेवढंच वजन. जुन्या 2जीवर खरा वेग सेकंदाला ३० किलोबिट मिळाला, तरी अर्ध्या मिनिटात जातं. लाइव्ह व्हिडिओला मात्र जाडजूड आणि अखंड रेंज लागते. घाटात तेच नसतं. म्हणजे सगळ्यात महागडी गोष्ट नेमकी तिथे बंद पडणार आणि जीव वाचवणारी गोष्ट अगदी थोडक्यात भागते. मग पैसे कशावर घालायचे?

रविवारी आम्ही तिघं त्या ड्रायव्हरबरोबर निघालो. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन फोन आणि एक वही. गावापासून हॉस्पिटलपर्यंत प्रत्येक किलोमीटरला फाइल पाठवायची आणि वेळ लिहायची. घरी येऊन वही बघितली तेव्हा कळलं, रस्त्यात रेंज नसलेले सात तुकडे आहेत. त्यातल्या चारांत दोन्ही कंपन्या गायब. आम्ही समजत होतो दोन सिम घातली की काम झालं. पण बऱ्याच ठिकाणी दोन कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर बसवलेली असतात. वीज गेली, डिझेल संपलं, की दोन्ही एकदम आंधळ्या.

आणखी एक गैरसमज मोडला. मोबाईलवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ दिसतं तेव्हा ११२ चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. पण ती सवलत बोलण्यापुरती आहे. ईसीजीची फाइल तशी जात नाही.

शेवटी आम्ही विक्रेत्यांना आमच्या अटी दिल्या. इथे लिहितो, कुणाला उपयोगी पडल्या तर बघा.

पहिली अट, साठवा आणि पाठवा. रेंज नसेल तर यंत्रानं ईसीजी पोटात ठेवायचा आणि टॉवर मिळाल्याबरोबर आपणहून पाठवायचा. माणसानं बटण दाबायचं नाही, पासवर्ड टाकायचा नाही. यात नवीन काही नाही. बसमध्ये लावतात त्या एआयएस १४० मानकाच्या ट्रॅकरलासुद्धा रेंज नसताना नोंदी साठवून नंतर पाठवायची सक्ती आहे. बसचा ठावठिकाणा जपून ठेवतो, तर माणसाचा ईसीजी का नाही?

दुसरी, पोच. ‘पाठवलं’ एवढं दाखवून चालणार नाही. पलीकडे कुणीतरी उघडून बघितलं, हे गाडीत दिसलं पाहिजे. काकांच्या वेळी सगळा घोळ याच दोन शब्दांत झाला होता.

तिसरी, अँटेना टपावर. गाडीचा पत्रा रेंज खातो. आत ठेवलेल्या मोबाईलपेक्षा टपावरच्या अँटेनाला जास्त सापडतं. दोन सिम हवीतच, पण कुठल्या दोन कंपन्या ते वही बघून ठरवायचं, स्कीम बघून नाही.

चौथी, कागद. ईसीजीची छापील पट्टी पेशंटबरोबर गेलीच पाहिजे. सगळं बंद पडलं तरी कागदाला टॉवर लागत नाही.

पाचवी, फाइल कुणालाही उघडता आली पाहिजे. एका विक्रेत्याचा ईसीजी फक्त त्याच्याच ॲपमध्ये दिसत होता आणि ॲपची फी दरवर्षी. उद्या फी थकली तर? तो बाद केला.

एक सभासद म्हणाले, “एवढं कशाला? व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू की.” खरं सांगायचं तर आज कित्येक ठिकाणी हेच चालतं आणि त्यानं जीवही वाचलेत. मी त्याला हसत नाही. पण ग्रुपमध्ये साठ माणसं, ईसीजीवर पेशंटचं नाव, वर कुणाचातरी वाढदिवस, खाली हार. बघायची जबाबदारी नक्की कुणाची? सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. म्हणून सहावी अट आम्ही विक्रेत्याला नाही, हॉस्पिटलला घातली. चोवीस तास एक ठरलेला नंबर आणि प्रत्येक पाळीला एक ठरलेला माणूस. यासाठी चार फेऱ्या माराव्या लागल्या. यंत्र घ्यायला एकच मीटिंग पुरली होती.

आणि पुराचं? २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि जुलै २०२१ ला चिपळूणला ऐन गरजेच्या वेळी मोबाईल मुके झाले. तेव्हा पोलिसांकडे असतो तसा वायरलेस सेट उपयोगी पडतो. त्यावरून ईसीजी जाणार नाही, पण “पेशंट येतोय, हार्ट ॲटॅक आहे, अर्धा तास” एवढं सांगता येतं. त्याला केंद्राच्या दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. अर्ज केलाय. वाट बघतोय.

नवीन गाडी येऊन दोन महिने झाले. घाटातल्या त्या चार तुकड्यांत अजूनही टॉवर नाही, तो यंत्रानं येत नाही. पण आता ईसीजी हरवत नाही, उशिरा का होईना पोचतो. बहुतेक वेळा गाडीच्या आधीच. लोकार्पणाची बातमी मीच लिहिली. या वेळी वहीतले सात तुकडे किलोमीटरसकट छापले. एक पुढारी म्हणाले, “शुभ कार्यात हे कशाला?” मी म्हटलं, साहेब, शुभ कार्य चालू राहावं म्हणून.

तुमच्या तालुक्यात गाडी असेलच. रुग्ण कल्याण समितीत, ग्रामसभेत, नाहीतर सरळ ड्रायव्हरला चहा पाजून विचारा, रेंज कुठे जाते? त्याला पाठ असतं. आजवर त्याला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

काकांना परवा ही पोस्ट वाचून दाखवली. म्हणाले, “त्या पोराचा नाव घालू नको हां. तो बिचारो रडत होतो.”

घातलेलं नाही, काका.