आमची बैलगाडी आणि रस्त्याचे नियम

आमच्या घरी एक बैलगाडी आहे. गाडीला दोन बैल आहेत. एकाचे नाव सोन्या व दुसऱ्याचे नाव पाखऱ्या. सोन्या गरीब आहे. पाखऱ्या जरा खोडकर आहे, पण आबांनी नुसते 'हो' म्हटले तरी जागच्या जागी थांबतो. आबा म्हणजे माझे आजोबा. आमच्या भागात ऊस फार पिकतो. दिवाळी झाली की साखर कारखाना सुरू होतो आणि आबा गाडीत ऊस भरून कारखान्यावर जातात. तेथे नंबर लागेपर्यंत कधी कधी मध्यरात्र होते.

आबा लहान होते तेव्हा गाडीला लाकडी चाके होती व त्यावर लोखंडी धाव होती. रात्रीच्या वेळी गाडीच्या खाली आखाला कंदील बांधत असत. आबा सांगतात, "लांबनं गाडी दिसायची न्हाई, मानूस दिसायचा न्हाई. नुसता कंदील झुलताना दिसायचा." आता आमच्या गाडीला टायरची चाके आहेत. कंदील माळ्यावर पडून आहे. त्याच्याऐवजी वडिलांनी एक लाल दिवा आणला आहे. तो चार्जिंग करावा लागतो.

हे काम माझ्याकडे आहे. रात्री जेवणे झाली की दिवा चार्जिंगला लावायचा आणि सकाळी काढून आबांच्या हातात द्यायचा. आबा मला गमतीने 'दिवाबत्तीचं सायब' म्हणतात. मला ते ऐकून फार आनंद होतो.

गेल्या पौष महिन्यातली गोष्ट आहे. आमच्या घरात चार्जिंगची पिन एकच आहे. त्या रात्री मी वडिलांच्या मोबाईलवर खेळ खेळत होतो. मोबाईलची बॅटरी संपत आली म्हणून मी दिव्याच्या जागी मोबाईल लावला. दिवा लावायचा राहून गेला. सकाळी आबांनी दिवा मागितला. मी तसाच दिला. दिवा चालू करून पाहिला तर तो लागत होता, म्हणून मी काही बोललो नाही. एक रात्र निघेल असे मला वाटले.

त्या दिवशी गाडी भरायला उशीर झाला. थंडी होती आणि मोठ्या रस्त्यावर धुके पडले होते. अर्ध्या वाटेत दिवा विझला. गाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर होता, पण उसाचे वाढे त्याच्यावर लोंबत होते, म्हणून तो दिसत नव्हता. मागून आमच्याच गावचे एक काका डेअरीत दूध घालून मोटारसायकलवरून येत होते. त्यांना गाडी दिसली नाही. ते उसावर येऊन आदळले. त्यांचा उजवा हात मोडला. किटल्या रस्त्यावर पडल्या. पाखऱ्या भिऊन गुडघ्यावर पडला आणि त्याचे गुडघे सोलले. त्या काकांचा मुलगा आमच्याच वर्गात आहे.

दुसऱ्या दिवशी पारावर हीच चर्चा चालली होती. कोणी म्हणाले, "मोटारसायकलवाल्याची चूक हाय. जोरात कशाला यायचं?" कोणी म्हणाले, "बैलगाडीला ना लायसन, ना नंबर. तिला कसला आलाय नियम?" मी तेथे उभा होतो. मला घास गोड लागेना. दिवा का विझला हे मला एकट्यालाच माहीत होते.

शाळेत तो मुलगा दोन दिवस आला नाही. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, बैलगाडीला नियम असतात का?" गुरुजींनी आधी पुस्तक पाहून घेतले व दुसऱ्या दिवशी सर्व वर्गाला समजावून सांगितले. ते मी खाली लिहीत आहे.

बैलगाडी ही मोटार नाही. म्हणून १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो तसे लायसन किंवा नंबराची पाटी तिला लागत नाही. पण म्हणून ती मोकळी सुटली असे नाही. आपल्या राज्यात १९५१ सालचा पोलीस कायदा आहे. त्यात वाहन म्हणजे फक्त मोटार नव्हे, तर बैलगाडी, हातगाडी आणि सायकलसुद्धा वाहन आहे. वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने हाकावे, पुढच्या वाहनाला ओलांडायचे तर त्याच्या उजवीकडून जावे, जनावर किंवा गाडी रस्त्यात राखणीशिवाय सोडून जाऊ नये, असे त्यात सांगितले आहे. वाहनाला किती दिवे लावायचे, कोठे लावायचे आणि कोणत्या वेळी लावायचे, याचे नियम करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. काही रस्त्यांवर तर बैलगाडीला मुळीच जाता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बैलगाडीला बंदी आहे.

बैलांसाठीही नियम आहेत हे ऐकून मला नवल वाटले. ते १९६५ साली झाले. गाडीच्या बैलांकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, मध्ये विसावा द्यावा. जेथे ऊन ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ गाडी जुंपू नये. टोकदार पराणीने बैलाला टोचू नये. आबांच्या हातात पराणी नसते, त्यामुळे हा नियम ते आधीपासूनच पाळतात.

मग गुरुजींनी फळ्यावर एक गणित घातले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका मिनिटात १००० मीटर जाते. मग एका सेकंदात किती? आम्ही भागाकार केला. उत्तर जवळजवळ १७ मीटर आले. नंतर टेप घेऊन आम्ही शाळेचे पटांगण मोजले. ते ३४ मीटर भरले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही 'एक, दोन' म्हणेपर्यंत मोटारसायकल हे सगळे पटांगण ओलांडते. बैलगाडी माणसाच्या चालीने चालते. तिला पळून बाजूला होता येत नाही. गाडीवानाला उसामुळे मागचे दिसत नाही. म्हणून मागच्याला गाडी लांबून दिसली पाहिजे." रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा उजेड त्याच्यावर पडला तरच तो चमकतो, मांजराच्या डोळ्यांसारखा. त्याच्यावर चिखल किंवा वाढे आले की तो असून नसल्यासारखा.

त्या संध्याकाळी आबा पाखऱ्याच्या गुडघ्यांना हळद लावत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि खरे सांगून टाकले. मला वाटले, आबा मारणार. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दिवा लावायचं काम तुजं व्हतं, ते तू चुकलास. पर गाडी माजी हाय. जुपायच्या आदी दिवा बघायचं, वाढं बाजूला सारायचं काम माजं व्हतं. मीबी चुकलो. उद्या दोघंबी जाऊ त्यांच्या घरी."

आम्ही गेलो. मी काकांना सगळे सांगितले. त्यांच्या हाताला प्लॅस्टर होते. ते म्हणाले, "बाळा, धुकं पडलेलं मला दिसत व्हतं. मीबी हळू यायला पायजे व्हतो." त्यांचा मुलगा मात्र माझ्याशी बोलला नाही. त्याचेही बरोबर होते. काकांचा हात बरा व्हायला दीड महिना लागला. तोपर्यंत आबांनी त्यांच्या जनावरांना रोज वाढे नेऊन टाकले. मीही सुट्टीच्या दिवशी जात असे. वैरण टाकता टाकता आम्ही दोघे पुन्हा बोलू लागलो. आता आम्ही शेजारी शेजारी बसतो.

आता आमच्या गाडीला आबांनी एक बांबू बांधला आहे. ऊस भरून झाला की त्याच्या टोकाला सर्वांत मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर अडकवायचा. त्यामुळे वाढे त्याच्यावर येत नाहीत. पुढच्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर लावला आहे. रोज रात्री मी आधी दिवा चार्जिंगला लावतो. मोबाईल नंतर. सकाळी दिवा देताना आबा विचारतात, "सायब, भरला का?" आणि स्वतः पाहिल्याशिवाय गाडी जुंपत नाहीत.

हा लेख लिहावा की नाही, असे मला वाटत होते. मी आधी आबांना व काकांना विचारले. दोघेही लिही म्हणाले.

शाळेत येणाऱ्या सर्व पालकांना माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी ऊस भरल्यावर एकदा गाडीच्या मागे जाऊन उभे राहावे आणि दिवा दिसतो का ते पाहावे. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी रात्री व धुक्यात सावकाश यावे. आणि माझ्या वर्गमित्रांनो, आपल्याला घरात काम लहान सांगितले असले तरी ते विसरू नका. विसरलात तर लगेच सांगा. मी सकाळीच सांगितले असते, तर आबांनी त्या दिवशी माळ्यावरचा कंदील तरी काढला असता.