माळशिरसला काय आहे?

पाहुण्याला आपला मुलूख दाखवणे हे काम वाटते तितके सोपे नाही. ज्याचा जन्मच त्या मातीत झाला, त्याला ते सहसा जमत नाही. रोजच्या पायाखालच्या वाटेकडे तो कधी थांबून पाहत नाही. जो नुकताच तेथे आला आहे, त्याला स्वतःलाच दहा जणांना वाट विचारावी लागते. या दोहोंच्या मध्ये आणखी एक वर्ग असतो : पोटापाण्यासाठी परमुलखात येऊन राहिलेल्यांचा. त्यांना तो मुलूख ठाऊक झालेला असतो, पण त्याचे नवल अजून पुरते सरलेले नसते. मी या वर्गातला. रत्नागिरी जिल्ह्यातून पाटबंधारे खात्याच्या नोकरीसाठी सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात आलो, त्याला आता सव्वीस वर्षे होत आली. कोकणात ‘घाटावर गेला’ असे म्हणताना आवाजाला जी ओढ येते, ती ‘परदेशी गेला’ म्हणतानाच्या ओढीपेक्षा फारशी निराळी नसते. सह्याद्री ओलांडला की पाऊस बदलतो, माती बदलते, भाकरीचे पीठ बदलते आणि बोलण्याचा सूरही बदलतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर जिल्ह्यात पाचशे-साडेपाचशे पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात.

या सव्वीस वर्षांत गावाकडचे पुष्कळ पाहुणे येऊन गेले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘माळशिरसला काय आहे?’ प्रश्नात कुत्सितपणा नसतो. कोकणातल्या माणसाला समुद्र, माडाची बाग, पऱ्ह्या, एखादा जलदुर्ग अशी तयार उत्तरे लहानपणापासून मिळालेली असतात. येथे तसे काही नाही. पाहुण्यांना पंढरपूरला जायचे असते आणि माळशिरस हे त्या वाटेवरचे गाव असते. या तालुक्याचे नशीबच वाटेवरचे. इरावती कर्वे यांनी वारीतल्या अनुभवावर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला, दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ हे पुस्तक १९६४ साली आले. आळंदीहून पंढरीला जाणारी वाट या तालुक्यातून जाते. पण वाटसरूची नजर पुढच्या मुक्कामावर असणे साहजिकच असते.

गेल्या हिवाळ्यात माझे तीन शाळासोबती तीन दिवसांसाठी आले, तेव्हा तो प्रश्न नेहमीपेक्षा जड होऊन आला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. गावाकडचे घर बंद आहे, माडांना पाणी घालायला कोणी नाही. मी परत यावे, हे सांगण्यासाठीच ते आले होते. पहिल्या रात्री जेवताना त्यांच्यातला सर्वांत मोकळा बोलणारा म्हणाला, “माळशिरसला काय आहे हे आम्ही विचारत नाही रे. तुझं इथं काय आहे, ते सांग.” मी म्हटले, “उद्या दाखवतो.” तेव्हा या उत्तरात टाळाटाळ किती होती आणि खरेपणा किती, हे मलाही सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आधी कोणत्याही देवळात नेले नाही. नीरा उजव्या कालव्याच्या भरावावर नेऊन उभे केले. हा तालुका समजून घ्यायचा तर तो येथूनच. उत्तरेला नीरा नदी वाहते. ती पुढे नीरा नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते. दक्षिणेला आणि पश्चिमेला शंभू महादेवाच्या डोंगररांगा. या दोहोंच्या मधून, जमिनीचा उतार सांभाळत, कालवा गेला आहे. भोर तालुक्यात भाटघरला वेळवंडी नदीवर धरण आहे. आजचे मोठे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले आणि या उजव्या कालव्याचे पाणी फलटण, माळशिरस, पंढरपूर या भागांना मिळू लागले. पाणी उताराने जाते, एवढ्या एका नियमाने तालुक्याचे दोन भाग पडले. कालव्याखालच्या जमिनीला पाणी मिळाले, वरच्या जमिनीला ते नुसते दिसले. लोकांच्या बोलण्यातही तेच दोन शब्द आहेत. सोयरीक जुळवताना ‘जमीन किती’ याच्या आधी ‘कालव्याच्या वर की खाली’ हे विचारले जाते.

भरावावरून खाली पाहिले की उसाचा हिरवा पट्टा थेट नीरेपर्यंत जातो. माझ्या मित्रांना तो आवडला. “हे तर कोकणासारखंच हिरवं आहे,” एक जण म्हणाला. मी त्यांना त्या हिरव्यातल्या पांढऱ्या चकत्याही दाखवल्या. पाणी फार झाले आणि निचरा झाला नाही की क्षार वर येतात, जमीन चोपण होते आणि तेथे गवतही नीट उगवत नाही. पाण्याचा दुष्काळ सगळ्यांना ठाऊक असतो. पाण्याच्या अतिरेकाने मेलेले शेत दाखवावे लागते.

तेथून माळीनगरला गेलो. हे गाव मी प्रत्येक पाहुण्याला दाखवतो, कारण ते येथे मुळात नव्हते. सासवडचे माळी शेतकरी उसाच्या लागवडीत तरबेज. कालव्याचे पाणी जेथे पोचेल तेथे जाऊन, खंडाने जमिनी घेऊन, ऊस लावून गूळ करायचा, हा त्यांचा उद्योग. त्यांतले काही जण या भागात येऊन स्थिरावले आणि १९३२ साली त्यांनी ‘दि सासवड माळी शुगर फॅक्टरी’ स्थापन केली. त्याच वर्षी परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशी कारखान्यांना उभे राहण्याची संधी मिळाली. पाठोपाठ चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना याच तालुक्यात श्रीपूरला आला. पुढे अकलूजला शंकरराव मोहिते-पाटील यांनी सहकारी साखर कारखानदारी उभी केली. शेतकऱ्यांनी स्वतःचे भांडवल घालून कारखाना काढावा, ही गोष्ट १९३२ मध्ये साधी नव्हती. ती करणारे लोक कऱ्हेकाठचे गाव सोडून येथे आले होते, हे मला विशेष वाटते. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कोणी ‘तुम्ही कुठले?’ म्हणून विचारले, तर ती ‘माळीनगरचे’ म्हणतात.

रस्त्याने उसाच्या गाड्या चालल्या होत्या. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या दिसल्या. बीडकडून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबे त्यांत राहतात. दिवाळीच्या सुमारास येतात, हंगाम संपला की जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची गणती होते आणि हंगामाआधी घेतलेली उचल फेडीपर्यंत तो कोयता मुकादमाच्या वहीत अडकलेला असतो. मित्रांपैकी एकाची पत्नी बालवाडीत शिकवते. कोपीसमोर धुळीत खेळणारी मुले पाहून तिने विचारले, “यांची शाळा?” मी जे आहे ते सांगितले : काहींची येथे सोय होते, पुष्कळांची सुटते. पाहुण्यांना साखर दाखवायची आणि कोयता झाकायचा, हे मला पटत नाही. परमुलखात राहणाऱ्याला हा एक लाभ असतो. त्याला गावाची अब्रू राखण्याची घाई नसते आणि उणे काढण्यात सुखही नसते.

दुपारी आम्ही कालवा ओलांडून पिलीवच्या बाजूला गेलो. दहा-पंधरा मिनिटांत रंग बदलला. मुरमाड माळ, बोरी-बाभळी, मेंढरांचे कळप, ज्वारीची विरळ ताटे, मध्येच शेततळ्याच्या आधाराने जगवलेली डाळिंबाची बाग. एका वस्तीवर गाडीत पाणी घालायला थांबलो. ओसरीवरच्या म्हातारीने आधी गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे केले. “कुठलं म्हणायचं पाव्हणं?” रत्नागिरीचे, असे कळल्यावर ती माझ्याकडे वळली. खात्याची गाडी नसली तरी माणूस तिला ओळखू आला होता. “सायब, पाव्हण्यांच्या देखत इचारते. पाणी वर कवा येनार?” मी तिला उताराचा नियम सांगितला, उपसा योजनांचे सांगितले, विजेच्या खर्चाचे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि माझ्या मित्रांना म्हणाली, “मग तुमच्याकडचं थोडं धाडा की. तुमच्यात लई पडतंय म्हनं.”

सगळे हसले. गाडीत बसल्यावर मात्र माझा शिक्षक मित्र बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, “आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो आणि एप्रिलात आपल्या वाडीतल्या बायका हंडा घेऊन डोंगर उतरतात. तिला हे सांगायला हवं होतं.” कोकणातला पाऊस उतारावरून समुद्रात जातो आणि येथला पाऊस डोंगराच्या पलीकडेच संपतो, पाण्याच्या हंड्याचे वजन दोन्हीकडे सारखेच. सव्वीस वर्षे पाण्याच्या पाळ्यांचे हिशेब ठेवूनही ही गोष्ट मी या शब्दांत कधी मांडली नव्हती. पाहुण्याला गाव दाखवता दाखवता पाहुणाही आपल्याला काही दाखवून जातो.

तिसऱ्या दिवशी वेळापूरला गेलो. येथले अर्धनारीनटेश्वराचे दगडी देऊळ यादवकाळातले. गावात यादव राजा रामचंद्र याच्या काळातले मराठी शिलालेख सापडले आहेत. तेराव्या शतकाची अखेर आणि चौदाव्याचा आरंभ हा त्यांचा काळ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९०. मराठीच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते. नेवाशाला ओवी लिहिली गेली त्याच पिढीत या आडबाजूच्या गावी कोणा कारागिराने छिन्नीने मराठी कोरली. ग्रंथाची मराठी आणि दगडावरची मराठी एकाच वेळी नांदत होत्या. एक देवाशी बोलत होती, दुसरी दानाचा आणि अधिकाराचा व्यवहार नोंदवत होती. शिक्षक मित्र देवळाच्या आवारातल्या शिल्पांपुढे इतका रमला की उन्हे उतरल्याचे त्याला कळले नाही. ‘माळशिरसला काय आहे’ हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

परतताना नातेपुत्यापलीकडे शिखर शिंगणापूरचा डोंगर दाखवला. क्षेत्र सातारा जिल्ह्यात, पण चैत्रातल्या यात्रेत मानाच्या कावडी मुंगी घाटाची चढण आमच्या बाजूने चढतात. उभ्या कड्यावर, खांद्यावरच्या पाण्याच्या घागरी सांभाळत, माणसांची साखळी करून कावड वर नेतात. त्यांतली तेल्या भुत्याची कावड सासवडकडून येते. माळीनगरला ज्यांची कहाणी ऐकली त्यांच्याच मूळ गावाकडचे पाणी दर चैत्रात या वाटेने जाते, हे ऐकून मित्रांना नवल वाटले. मला आता नवल वाटत नाही. येथे प्रत्येक जण कोठून तरी आलेला असतो : कालव्यामागे आलेला शेतकरी, उसामागे आलेला कोयता, चाऱ्यामागे फिरणारा धनगर, देवामागे चाललेला वारकरी. ज्ञानोबांच्या पालखीसोबतचे अश्वसुद्धा बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरदारांकडून येतात. सदाशिवनगरच्या आणि खुडूसच्या रिंगणात तो बिनस्वाराचा अश्व धावतो, तेव्हा त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी जी झुंबड उडते, तीत माती कोणाची आणि घोडा कोणाचा, हे कोणी विचारत नाही.

निघण्याच्या सकाळी बायकोने ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मित्रांनी परतण्याचा विषय पुन्हा काढला नाही असे नाही. घर दुरुस्त करून घेण्याचे मी कबूल केले. कौले बदलायलाच हवीत. माडांना पाणी घालायला शेजारच्या मुलाला महिन्याने लावायचे ठरले. त्यापुढचे काही ठरले नाही आणि त्यांनीही ताणले नाही. गाडीत बसताना शिक्षक मित्राने विचारले, “पुन्हा यायचं तर कधी यावं?”

“आषाढात ये,” मी म्हणालो. “नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे माउलींचे तीन मुक्काम तालुक्यात असतात, तिकडे अकलूज आणि बोरगावला तुकोबांची पालखी. पाहायला तेव्हाच यावं. फक्त तुला हिंडवायला मी मोकळा सापडणार नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीत हजारभर माणसं जेवायला असतात आणि पाण्याचं काम माझ्याकडे असतं.”

“मग मी वाढायला उभा राहीन,” तो म्हणाला आणि त्याने गाडीची काच वर केली.