फरशी आणि अंगण

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याचे लक्ष आधी फरशीकडे जावे, अशी माझी जुनी हौस. दिवसातून दोनदा फरशी पुसली जाई; सकाळी फिनाईल घालून आणि तिन्हीसांजेला साध्या पाण्याने. ‘काकूंच्या फरशीत तोंड पाहून कुंकू लावावे,’ असे शेजारणी म्हणत. मी वरवर ‘काहीतरीच तुमचे’ म्हणे आणि मनातून सुखावे. २०१७ साली आमचे इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, तेव्हा त्या मानात आपलाही चिमूटभर वाटा आहे, असे मला वाटून गेले होते.

या हौसेच्या मुळाशी मात्र भीती होती. १९५७ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला. तो चार वर्षांचा होता, मी सात. वाड्यातली विहीर सर्वांची, आणि मोरीचे पाणी तिच्यापासून फार दूर जात नसे. त्यानंतर आईने न उकळलेल्या पाण्याचा थेंब आमच्या ओठी लागू दिला नाही. भावाविषयी ती कधी बोलली नाही; भांडी मात्र पुन्हा पुन्हा घाशीत राहिली. लग्नात तिने मला पाटल्या दिल्या. ही भीती न देताच माझ्याबरोबर आली.

त्याच वाड्याची दुसरी बाजू मी सोयीने विसरले होते. ओसरी शेणाने सारवलेली, मागे गोठा, आणि चुलत-आते मिळून आम्ही अकरा पोरे दिवसभर मातीत. आजीचे सोवळे कडक. पण सोवळे म्हणजे निर्जंतुक नव्हे, हे गोठ्यातल्या गाईलाही ठाऊक असावे!

पुढे नात झाली. तिसऱ्या वर्षापासून थंडी पडली की तिची छाती घरघरू लागे. धुळीचा दोष म्हणून मी कंबर कसली. कापडी बाहुल्या माळ्यावर गेल्या, गॅलरीतल्या कुंड्या वाटून टाकल्या, अंगणात खेळणे बंद झाले. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तर माझ्या हातून बाटली सुटेना. एके सकाळी न्हाणीघराचे दार लोटून मी संडास धुण्याचे ॲसिड टाकले आणि त्यावरच ब्लीच ओतले. दोन्ही मिळून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, हे बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिले होते. मी वाचले नव्हते. डोळ्यांची आग झाली, श्वास कोंडला. मुलाने मला ओढून बाहेर काढले. दाराशी नात उभी होती, खोकत. त्या रात्री तिला तीनदा वाफारा द्यावा लागला. डॉक्टरांनी फोनवर विचारले, “घरात काय वापरलेत?” मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. ती शांतता मी अजून विसरलेले नाही.

पुढे मी हाती येईल ते वाचू लागले. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने सतरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून दाखवले की, ज्यांना मोठी भावंडे अधिक, त्यांना गवतपरागांची सर्दी कमी. ती मुले १९५८ साली जन्मलेली. माझा भाऊ गेला त्याच्या पुढच्याच वर्षीची. २०१६ साली अमेरिकेतील दोन शेतकरी पंथांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचे मूळ युरोपातले. अमिश लोकांची गुरे-घोडे घराजवळ, शेती जुन्या वळणाची. हटराइट लोकांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर. अमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के. अमिश घरांतल्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी अधिक होते. कोवळ्या वयात गोठा, माती आणि भावंडे यांच्या संगतीने शरीर शत्रू कोण आणि सोबती कोण हे शिकते, असा याचा अर्थ लावतात. ग्रॅहम रूक यांनी या सूक्ष्म जीवांना ‘जुने मित्र’ म्हटले आहे.

मग घर अस्वच्छ ठेवावे काय? मुळीच नाही. विषमज्वराचा जंतू कोणाचा जुना मित्र नव्हे; माझा भाऊ मातीत खेळून गेला नाही, दूषित पाण्याने गेला. शौचानंतर आणि जेवणापूर्वी हात धुणे, पाणी शुद्ध राखणे, कच्चे-शिजलेले वेगळे ठेवणे, यांत काडीची सूट नाही. फरशीची लकाकी ही मात्र निराळी गोष्ट. तिने रोग टळत नाही, आणि तिच्यासाठी हवेत उडवलेली रसायने फुप्फुसांत जातात. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की, वर्षानुवर्षे साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची शक्ती इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटते. आईने मला दिलेली शिस्त पाण्याची आणि हातांची होती. मी ती फरशीवर आणि नातीच्या बालपणावर ओतली.

आता फरशी दिवसातून एकदा, साध्या पाण्याने पुसतो. ब्लीच घरात येत नाही. कुंड्या परत आल्या आहेत. मातीने नातीची घरघर गेली, असे मी म्हणणार नाही. श्वासाचा पंप अजून तिच्या दप्तरात असतो, आणि थंडीत तो लागतो. पण ती अंगणात खेळते.

परवा ती कुंडीत मेथी पेरून, कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी दारात उभी राहिली. “आजी, आत येऊ का गं?” तिने भीतभीतच विचारले. तो भित्रा स्वर माझा होता, माझ्या आईचा होता. मी म्हटले, “ये. जेवायला बसताना साबणाने धू म्हणजे झाले.”

तिची पावले फरशीवर उमटली. संध्याकाळपर्यंत मी ती पुसली नाहीत.