तमिळ वहीतले अभंग

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख पाहिल्याशिवाय परतत नाही. सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला तो भोसल्यांचा इतिहास मीही डोळे भरून पाहिला. पण तंजावरची मराठी कानावर पडली ती चेन्नईत, मैलापूरला, आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे.

व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, १६७६च्या सुमारास तंजावरात राज्य उभं केलं. १८५५ मध्ये राजा निपुत्रिक वारला आणि कंपनी सरकारने ते खालसा केलं. पुढे नोकरी-शिक्षणापायी बरीच घरं मद्रासला आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच समाजातले. मुलांच्या शिक्षणाला हातभार लावायला १९१२ साली इथे महरट्टा एज्युकेशन फंडही निघाला.

आजींचा सगळा बाहेरचा व्यवहार तमिळमध्ये. उंबऱ्याच्या आत मात्र मराठी, तमिळ हेलाची आणि भरभर. पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा पानात डांगर पचडी होती: भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरी, हिंग, मिरचीची फोडणी. माझ्या आईच्या डांगराची चव लगेच ओळखू आली.

एकादशीला त्या भजनाची वही काढतात. तुकोबांचे, नामदेवांचे अभंग, सगळे तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना कुणी शिकवलीच नाही. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. प, फ, ब, भ यांचंही तसंच. मी वही हातात घेतली तर दर ओळीला अडखळायची. आजी मात्र एकाही अक्षराला चुकत नाहीत, कारण त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलेला उच्चार कानात पक्का आहे. वही फक्त क्रम सांगते.

हे गाणं चार भिंतींत राहिलं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो. मराठी कीर्तनकारांचं ऐकून एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणली. आज मार्गळी महिन्यातल्या संगीत मैफलीत शेवटाकडे अभंग आला की मराठीचा गंध नसलेले श्रोतेही टाळी धरतात.

शिलालेखाचे फोटो आपल्याकडे खूप आहेत. अशा आज्यांचे आवाज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आत्ताच टिपून घ्यायला हवेत, असं मला कळकळीने वाटतं. मी माझ्यापुरती फोनवर सुरुवात केली आहे. परवा त्यांची नात शेजारी बसून वहीतून गाऊ लागली आणि ‘भाव’चा ‘पाव’ झाला. आजींनी टाळ थांबवले, तिच्याकडून तो शब्द नीट म्हणवून घेतला आणि मगच पुढचं चरण धरलं.