सोलापूर टू शिजियाझुआंग, व्हाया हाँगकाँग

तर झालं असं, की लग्नाला वर्ष व्हायच्या आतच नवरोबाला चीनमधून ऑफर आली. तो टॉवेलच्या मशीन्सचा इंजिनिअर. हेबेई प्रांतातल्या एका कंपनीला तो दोन वर्षांसाठी हवा होता. ‘आधी दोघं येऊन बघून जा,’ म्हणाले. सोलापूरचा टॉवेल चीनला चालला, म्हणत मित्रांनी करायचे तेवढे जोक केले. माझी आई एवढंच म्हणाली, ‘पोचल्या पोचल्या कळव.’

एप्रिलची ती रात्र. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. मग सहा तास उडून हाँगकाँग, तिथे लांबलचक हॉल्ट, पुढे साडेतीन तासांत बीजिंग. उतरलो तेव्हा घड्याळ अडीच तास पुढे आणि मूड पार मागे! इंटरनॅशनल रोमिंग कुणी घ्यायचं यावरून आमचं विमानातच वाजलं होतं. दोघांनीही घेतलं नव्हतं.

बीजिंग ते शिजियाझुआंग साधारण 280 किलोमीटर, बुलेट ट्रेननं सव्वा तास. आपल्या सिद्धेश्वरला मुंबईच्या 455 किलोमीटरला अख्खी रात्र लागते! डब्यात उकळत्या पाण्याचा नळ, आणि जो तो थर्मास भरून घेतोय. आम्ही न बोलता कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. वासानं शेजारच्या आजी वळल्या. चिमूटभर चटणी चाखली, डोळे मोठे केले आणि थर्मासमधलं गरम पाणी आधी आमच्या कपांत ओतलं. दोघांनाही हसू फुटलं. अबोला खल्लास!

पण हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप चालेना, गुगल उघडेना. आईला कळवायचं कसं? रिसेप्शनवरच्या मुलीला ‘सोलापूर’ म्हणून बघितलं, तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग मोबाइलमध्ये सेव्ह केलेला एक फोटो दाखवला. ती एकदम म्हणाली, ‘के दिहुआ!’

के दिहुआ म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून मी शेकडो वेळा स्कूटी दामटली असेल, आत किती वेळा गेले ते विचारू नका. तिनं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला, टॅक्सीत बसवलं. झोप राहिली बाजूला.

शहिदांची मोठी दफनभूमी, तिच्यातच कोटणीसांची समाधी. कॅनडाचे डॉ. बेथ्यूनही इथेच. पूर्वजांना आठवण्याचा छिंगमिंग सण नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे समाधीवर फुलं होती. 1938च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीनं चीनला निघाले, जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला. परत आले चार. कोटणीस निघाले तेव्हा 27 वर्षांचे होते, माझ्याहून एकानं लहान. मधेच वडील गेल्याचं कळलं, तरी थांबले. 1941मध्ये गुओ चिंगलान या नर्सशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचं असताना, 9 डिसेंबर 1942ला ते गेले. वय 32. जोडीदाराबरोबर संसार केला तो वर्षभराचा. आमच्याएवढाच.

नवरोबा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आपल्याला फक्त दोन वर्षं यायचंय.’ मी म्हटलं, ‘त्यांनाही परत यायचंच असणार ना?’

संध्याकाळी त्याच मुलीनं रिसेप्शनवरून आयएसडी लावून दिला. आईनं पहिल्या रिंगलाच उचलला. ‘कुठे होतीस? जीव टांगणीला लागला माझा!’

‘कोटणीसांकडे गेलो होतो.’

आई जरा वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, ‘त्यांच्या आईला कोणी कळवलं असेल गं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला आणि तिथेच सोफ्यावर बसून मनसोक्त रडले. नवरोबा शेजारी पाण्याचा ग्लास धरून उभा. गरम पाण्याचा, अर्थात.

दुसऱ्या दिवशी कंपनीत त्याला विचारलं, ‘पगाराबद्दल काही शंका?’

‘पगाराचं नंतर बघू,’ तो म्हणाला. ‘आधी वर्षातनं घरी जायला किती सुट्टी ते सांगा.’