चार आण्याची होडी, बारा आण्याचा मसाला

लंच टाइममध्ये माणूस मोबाइलवर काय बघतो, यावरून त्याचा स्वभाव कळतो म्हणे. आमच्या टीममधले निम्मे लोक कर्जतला सेकंड होम बघत असतात, एकाला बुलेटच्या सायलेन्सरचं वेड आहे, आणि मी होड्या बघते. जुन्या, विकाऊ, बहुतेकदा कुणाच्या तरी अंगणात पालथ्या पडलेल्या. बघायला काही पैसे पडत नाहीत. गेल्या नोव्हेंबरपर्यंत सगळं एवढ्यावरच भागत होतं.

मग अलिबागजवळच्या एका वाडीतून निरोप आला. तिथले एक काका वाडी विकून मुलीकडे बंगळुरूला निघाले होते. डिसेंबरअखेर ताबा द्यायचा होता. विहिरीच्या पंपापासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळ्याची सोय लागली होती, उरली होती एक शिडाची होडी. किंमत चाळीस हजार.

तुम्ही म्हणाल, चाळीस हजारांत बोट? यात तर धड फोनही येत नाही! मी नवऱ्याला अगदी हेच म्हटलं. तो म्हणाला, “फोन घेतल्यावर सुतार शोधावा लागत नाही.”

होडी एंटरप्राइज क्लासची. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरने १९५६ साली ही होडी आखली, तीच मुळी खिशाला परवडावी म्हणून. सव्वातेरा फूट लांबी, मरीन प्लायचं अंग, हौशी माणसाला घरच्या गॅरेजात जोडता येईल अशी रचना आणि ओळखीची खूण म्हणजे निळी शिडं. मर्सिडीज नव्हे, आपली मारुती ८००! १९८२च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यात एंटरप्राइजही होती. तिचं सुवर्णपदक पाकिस्तानला गेलं. कराचीच्या बैराम आणि गोश्पी आवारी या पारशी जोडप्याने ते नेलं. (फायरबॉल प्रकारातलं सोनं आपल्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मिळवलं, तेव्हा फिट्टंफाट.) सव्वातेरा फुटांत नवरा-बायकोने बसायचं, वारा फिरला की एकमेकांवर ओरडायचं आणि तरी पहिलं यायचं! मला त्या पदकाचं कौतुक जरा जास्तच आहे.

कारण ही होडी एकट्याची नाहीच. एकाने सुकाणू आणि मोठं शीड धरायचं, दुसऱ्याने पुढचं शीड सांभाळायचं, आणि होडी कलली की दोघांनी कठड्याबाहेर अंग झोकून तोल सावरायचा. आमच्यात सुकाणू माझ्याकडे असतं. नवरा पुढे. जमिनीवर मात्र आमची भेट अवघड. त्याची नोकरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. मी घरी येते तेव्हा तो लॅपटॉप उघडतो. शनिवारी तो झोप भरून काढतो. म्हणजे आठवड्याला आमच्या दोघांच्या वाट्याला एक रविवार येतो. गेली चार वर्षं, पावसाळा सोडून, त्यातले जमतील तेवढे रविवार आम्ही क्लबच्या भाड्याच्या होडीत घालवलेत. तेव्हा प्रश्न चाळीस हजारांचा नव्हताच. हे रविवार आता पॉलिश पेपरला द्यायचे का, हा होता.

एका रविवारी गेटवेवरून लाँच पकडून मांडव्याला उतरलो. सोबत एक सुतारमामा घेतले होते. रेवसकडच्या मासेमारीच्या होड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. वाडीत माडांखाली जांभ्याच्या चार चिऱ्यांवर होडी पालथी होती. ताडपत्री बाजूला केली आणि नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. होडीच्या पोटाला दोन पंजे मावतील एवढं भगदाड! नारळ पडला होता. माडाखाली होडी ठेवायची म्हणजे दुसरं काय होणार?

मामांनी त्या भगदाडाकडे एकदा पाहिलं आणि बिडी पेटवली. “ह्याचं काय घाबरता? ह्ये तर दिसतंय.”

त्यांचं सगळं तंत्र या एका वाक्यात होतं. जे दिसतं ते स्वस्त. भोकाच्या कडा तिरक्या तासायच्या, सहा मिलीच्या प्लायला सगळीकडून साधारण पाच सेंटिमीटरचा उतार द्यायचा, तसाच उतार दिलेला नवा तुकडा इपॉक्सीने बसवायचा. फार तर दोन दिवसांचं काम. महाग पडतं ते आतलं. मामांनी पेचकस उलटा धरला आणि त्याच्या मुठीने होडीभर ठोकत निघाले. चांगलं लाकूड टणक वाजतं. कुजलेलं भद्द वाजतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. आवाज बदलला की पेचकस सुलटा करून टोक दाबायचं. आत शिरलं, तर तेवढा भाग गेला.

पोट टणटणीत होतं. चिऱ्यांमुळे वाळवीही वर चढली नव्हती. सुकाणू टांगतात त्या मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात टोक अर्धा इंच आत गेलं. सेंटरबोर्ड ज्या पेटीतून खाली सोडतात, तिच्या बुडाशी जुनी गळती काळी पडली होती. तिथे प्रत्येक एंटरप्राइज कधी ना कधी गळतेच. मग आम्ही चौघांनी होडी सुलटी केली. अशा होडीचं नुसतं अंग नव्वद किलोच्या आसपास असतं, त्यामुळे हे जमतं. पुढचा डेक झळाळत होता. काकांनी दरवर्षी दिवाळीत त्यावर व्हार्निशचा हात फिरवला होता, वीस वर्षं ती पाण्यात गेली नव्हती तरीही. मामांनी त्याच चकचकीत डेकवर ठोकलं. नाळेकडे भद्द.

एवढ्यात कुंपणापलीकडून जाणारा एक नाखवा थांबला. त्याचं मत सरळ होतं. होडी दोन दिवस खाडीत बुडवून ठेवा, लाकूड फुगेल, फटी आपोआप मिटतील. फळ्यांच्या होडीला हे शंभर टक्के लागू. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात. प्लायचं उलटं असतं. त्याच्या कडेतून पाणी शिरलं की थर सुटायला लागतात. म्हणून प्लायची होडी आतून-बाहेरून सीलबंद ठेवावी लागते. मामांनी हे त्याला समजावलं, तो “मग ती होडी कसली?” म्हणाला आणि निघून गेला. मला दोघांचंही पटलं.

परतीच्या लाँचवर हिशोब मांडला. होडी चाळीस. प्लाय, इपॉक्सी, रंग, व्हार्निश मिळून पस्तीस. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा आणि दोर, वीस. मामांची मजुरी, वीस. क्लबमधून वापरलेली शिडं मिळाली तर पंचवीस. नवी जोडी घ्यायची तर तिची किंमत होडीच्याही वर जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अक्षरशः! नुसतं सेलिंगच करायचं असेल तर क्लबची होडी भाड्याने घ्या, कायम स्वस्त पडेल. कोणी ‘जुनी बोट घेऊन पैसे वाचवले’ म्हणालं, तर खुशाल समजा की त्याने स्वतःचे तास धरलेले नाहीत.

प्लायची एक गंमत सांगते. मरीन प्लाय म्हणजे फार दुर्मीळ चीज असेल, बंदरात ओळख काढावी लागेल, असं मला वाटायचं. लोअर परळच्या दुकानदाराने विचारलं, “७१० ना? किचनला पाहिजे का?” आयएस ७१० हे भारतीय मानक मरीन प्लायचंच आहे. तुमच्या-आमच्या सिंकखालच्या कपाटात सुतार जो प्लाय लावतो, होडीला तोच. फक्त चांगल्या कंपनीचा घ्यायचा आणि कडा तपासून घ्यायच्या. रेझिनच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. पत्र्याच्या डब्यातलं स्वस्त पॉलिएस्टर लाकडाला फार काळ धरून राहत नाही, इपॉक्सीच हवं. तेही आपल्या उन्हात बघता बघता घट्ट होतं, म्हणून सावलीत बसून वाटीभर कालवायचं. पावसाळ्यात दमट हवेने त्यावर चिकट साय धरते. म्हणजे इपॉक्सीचं सगळं काम जूनच्या आत उरकायला हवं.

“म्हणजे डेडलाइन पण आली,” नवरा म्हणाला. “सोमवार ते शनिवार कमी पडत होत्या.”

त्याचे मुद्दे बिनतोड होते. मुंबईत गाडीला पार्किंग नाही, होडी ठेवणार कुठे? पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद. ताडपत्री उडाली तर वडखळमार्गे कोण धावणार? आणि रविवार कुठल्या एका शेडमध्ये, तोंडाला मास्क लावून, पॅड घासत घालवायचे, याला ‘एकत्र वेळ’ म्हणायचं का?

या शेवटच्या प्रश्नावर मी तीन-चार रात्री विचार केला. क्लबच्या होडीत आम्ही दोन तास बसतो. सकाळचे मतलई वारे पडतात, दुपारी खारे वारे सुरू होतात (पाचवी-सहावीच्या भूगोलात पाठ केलेलं इथे डोळ्यांसमोर घडतं), आणि पाण्यावर आमचं बोलणं म्हणजे “सोड”, “ओढ”, “खाली वाक”. मस्तच वाटतं. पण दोन तास संपले की होडी दुसऱ्याची. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या यार्डात रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली, तेव्हा दिलीप दोंदे त्या कामात स्वतः होते, आणि २०१० साली तीच बोट एकट्याने चालवत त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. कुठे ते आणि कुठे आम्ही! पण आपल्या होडीतला प्रत्येक सांधा आपल्याला ठाऊक आहे, ही भावना काय असते, ते मला एकदा बघायचं होतं. त्याला बघायचं होतं का, हे मला माहीत नव्हतं. आणि या होडीला दोघं लागतात.

मी काकांना फोन करून विचारलं, पैसे द्यायच्या आधी पुढचा डेक उघडून बघू का? असं विचारणं जरा आगाऊपणाचंच होतं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एक रिसॉर्टवाला पासष्ट हजार देतोय. तिच्यात बर्फ घालून वर काकडी-टोमॅटो मांडणार म्हणे, सॅलडसाठी. मी त्याला थांबवलंय. तुम्ही उघडून बघा. पण मला एक सांगायचं, एप्रिलपर्यंत पाण्यात उतरेल की नाही. नसेल, तर रिसॉर्टला देतो. निदान सावलीत राहील.”

पुढच्या रविवारी मामांनी पटाशीने डेकची कड उचलली. मी टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. आडव्या तुळईचा वीतभर भाग हाताने चुरला जात होता. त्याच्या पुढे, नाळेचं मुख्य लाकूड लाल-तपकिरी, कोरडं आणि ठणठणीत होतं. मी नखाने दाबलं, पेचकसाने दाबलं, मग मामांनी दाबलं. काही नाही. अंदाजापेक्षा कमी नुकसान! मामांनी बोटांवर मोजून बारा-चौदा दिवसांचं काम सांगितलं, अर्थात आम्ही दोघं हाताखाली असलो तर.

मी मनातल्या मनात कॅलेंडर उघडलं. डिसेंबर ते एप्रिल एकवीस-बावीस रविवार. त्यातून दोन लग्नं, मार्च एंड, त्याचे दोन रिलीज, एखादा ताप वजा. ओढूनताणून पंधरा उरत होते. म्हणजे एप्रिलच्या शेवटी होडी कशीबशी पाण्यात गेली असती, तीही रंग पुरता न वाळता, आणि तीन आठवड्यांत पुन्हा ताडपत्रीखाली. काका व्हरांड्यात उभे होते. ‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं. ते बंगळुरूला जाणार होते, बघायला येणार नव्हते.

“काका, एप्रिल जमणार नाही,” मी म्हटलं. “लाकडाचं काम मेपर्यंत पुरं होईल. पाण्यात पुढच्या ऑक्टोबरात.”

ते माझ्याकडे नाही, होडीकडे बघत होते. “म्हणजे एक पावसाळा मध्ये जाणार. तेव्हा कुठे ठेवणार?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून नवरा म्हणाला, “मामांच्या शेडमध्ये. महिना आठशे ठरलंय, पत्रे नवे आहेत. आणि डोलकाठी टेम्पोत मावत नाही काका, वीस फुटांच्या वर आहे. ती टपावर बांधून न्यावी लागेल.” मी डेकखाली डोकं घालून बसले होते, तेव्हा हा माणूस टेप घेऊन अंगणात फिरत होता!

काकांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. “शिडं माळ्यावर आहेत,” ते त्यालाच म्हणाले. “निळीच आहेत. उंदरांनी किती ठेवलीत, ते वर चढून तुम्हीच बघा.”