छत्तीस आरे

माणसाला वय विचारूं नये आणि पगार विचारूं नये, असा आपल्या समाजांत एक संभावित संकेत आहे. त्यांत वजनाचाहि समावेश व्हावा, असें माझें कित्येक वर्षांचें मत होतें. पण गेल्या वर्षीं पेठेंतल्या एका बोळांत सायकली दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्र्यांनीं चार गिऱ्हाइकांदेखत मला सरळ विचारलें, "साहेब, वजन किती तुमचं?" मीं इकडेतिकडे पाहिलें आणि आवाज शक्य तितका खालीं आणून सांगितलें, "एकशें चार किलो." त्यांच्या चेहऱ्यावरची रेघहि हलली नाहीं. शिंप्यानें छातीचें माप ऐकावें तसा त्यांनीं तो आंकडा ऐकून घेतला.

हा प्रसंग माझ्यावर कां आला तें सांगितलें पाहिजे. माझी मुलगी नोकरीला लागली त्याच वर्षीं माझ्या रक्तांतली साखर वाढल्याचें निघालें. डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला, आणि मुलीनें साठवलेल्या पगारांतून माझ्यासाठीं शर्यतीच्या घाटणीची एक सायकल आणली. काय तिचें रूप! मेंढ्याच्या शिंगांसारखें वळलेलें हँडल, बोटभर रुंदीचे टायर, आणि चाकें तर अशीं नाजूक कीं पुढच्यांत अवघे २० आरे आणि मागच्यांत २४. त्या आऱ्यांमधून पलीकडचा सबंध सिंहगड दिसावा! दर रविवारीं पहाटे आम्ही दोघें निघूं लागलों. घरांत आम्हां बाप-लेकींचें फारसें बोलणें होत नसे. सायकलीवर मात्र ती आपल्या कचेरींतल्या गोष्टी सांगे, मधूनच माझ्या मताचीहि चौकशी करी. साखर किती उतरली तें मला आज आठवत नाहीं. त्या गोष्टी मात्र बऱ्याच आठवतात.

दुसऱ्या महिन्यांत खडकवासल्याच्या रस्त्यावर टण्णकन् आवाज झाला आणि मागचें चाक दारुड्यासारखें झोकांड्या देऊं लागलें. एक आरा तुटला होता. चोवीसांतला एक गेला कीं उरलेल्यांची ओढ बिघडते, रिंग एका अंगाला सरते आणि ब्रेकला घासूं लागते. सायकल टेंपोंत घालून आणावी लागली. दुकानदारानें नवा आरा बसवून दिला. तीन आठवड्यांनीं दुसरा तुटला, मग तिसरा. चौथा तुटला तो दिवे घाटाच्या उतारावर, खालीं मस्तानी तलाव दिसत असतांना. मी पडलों नाहीं, एवढेंच. पुढें गेलेली मुलगी धापा टाकीत चढ चढून परत आली आणि कांहीं न बोलतां माझ्याशेजारीं कठड्यावर बसली. दुकानांत त्या पोऱ्यानें चाकाकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाला, "सर, या चाकांना एक लिमिट असते." 'चाकांना' हा शब्द त्यानें केवळ सौजन्यानें वापरला होता.

त्यानंतर सायकल गॅलरींत उभी राहिली. तिच्या हँडलवर आधीं टॉवेल वाळूं लागला, मग पायमोजे. मुलगी दोन-तीन रविवार "बाबा, येणार का?" असें विचारीत होती, पुढें विचारीनाशी झाली.

एका रात्रीं मला वडिलांच्या काळ्या सायकलीची आठवण झाली. जुन्या विलायती घाटणीच्या त्या सायकलींना पुढें ३२ आणि मागें ४० आरे असत. वडील स्वतः चांगले धिप्पाड. दांडीवर मी, कॅरियरवर आई, आईच्या मांडीवर दळणाचा डबा, अशा थाटांत आम्ही गिरणीवरून घरीं येत असूं. त्या साऱ्या संसाराचें वजन माझ्या आजच्या वजनाहून निश्चित अधिक होतें. आणि तो आरा तुटल्याचें मला आठवत नाहीं! तेव्हां दोष एकट्या माझ्या देहाचा नसावा, अशी अंधुक आशा मनांत आली, आणि तीच मला त्या बोळांत घेऊन गेली.

मिस्त्रीमामांनीं चाक मांडीवर घेतलें आणि तंबोऱ्याच्या तारा छेडाव्या तसा एकेक आरा बोटानें छेडला. उजव्या बाजूचे आरे स्वच्छ वाजले. डावीकडचे बद्द. "तुटले ते चारहि डावीकडचेच ना? आणि तुंब्यापाशीं, वांकाजवळ?" तसेंच होतें. "हे वजनानं नाहीं तुटले साहेब. ढिले होते म्हणून तुटले."

ताणलेला आरा तुटावयाचा, तो ढिला कसा तुटतो? याचें उत्तर शोधतांना मला चाकासारखी रोज पाहण्यांतली वस्तु प्रथमच दिसली. बैलगाडीच्या चाकांत भार खालच्या आऱ्यावर खांबासारखा उभा राहतो. सायकलीचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती खांब कसली होणार? ती आधींपासूनच ताणून ठेवलेली असते. भार आला कीं तळाच्या चार-दोन आऱ्यांचा ताण थोडा कमी होतो; बाकीच्यांना जवळजवळ पत्ताहि लागत नाहीं. जोब्स्ट ब्रँड्ट या अभियंत्यानें १९८१ सालच्या आपल्या पुस्तकांत हें गणितानें दाखवून दिलें आहे. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना जॉर्ज केली यानें १८०८ सालीं टिपून ठेवली होती, तीहि उडत्या यंत्रासाठीं. आणि आरे तुंब्याला तिरके स्पर्शून जाण्याची आजची रीत जेम्स स्टार्ली यानें १८७४ सालीं काढली.

आतां चाकाचा परीघ सुमारें २.१ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला पावणेपांचशें फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक आरा एकदां सैल पडून पुन्हां ताणला जाणार. आरा पुरेसा ताणलेला असेल तर हा फरक तो सहज पचवतो. मुळांतच ढिला असेल तर तो दर फेऱ्याला पुरताच सुटतो आणि वांकापाशीं हलतो. तार हातांत धरून मागेंपुढें वांकवीत राहिलें म्हणजे ती जशी तुटते, तसा तुटतो. मागच्या चाकांत उजवीकडे दांतेरी चकत्या असल्यामुळें रिंग मध्यावर राखण्यासाठीं उजवे आरे अधिक ताणावे लागतात आणि डाव्यांच्या वांट्याला ताण कमी येतो. त्यांतून निम्म्याहून अधिक वजन मागच्याच चाकावर. माझ्यासारख्याचा भार, थोडे आरे आणि घाईची बांधणी, असें तिहेरी संकट त्या डाव्या आऱ्यांवर कोसळलें होतें.

मग चाकें निवडण्याचा प्रश्न आला. मुलीनें कार्बनच्या चाकांची छायाचित्रें दाखवलीं. जोडीमागें चार-पांचशें ग्रॅम वांचतील म्हणे! किंमत ऐकून मला वाटलें कीं तेवढे ग्रॅम मी अधिक स्वस्तांत, घरच्या श्रीखंडावर थोडा संयम ठेवून वांचवूं शकेन. मामांचा सल्ला साधा होता: दोन्ही चाकांना ३६ आरे, म्हणजे भाराचे वांटेकरी वाढतील, ॲल्युमिनियमची जरा जाड, खोल रिंग, म्हणजे तो भार तळाच्या अधिक आऱ्यांवर पसरेल, आणि चिमट्यांत मावेल तेवढा रुंद, २८ मिलिमीटरचा टायर, म्हणजे हवा थोडी कमी भरून चालेल आणि खड्ड्याचा मार रिंगेपर्यंत पोंचणार नाहीं. आरे त्यांनीं टोकांना दोन आणि मधें १.८ मिलिमीटरचे निवडले. बारीक कमरेचा आरा अधिक टिकतो हें ऐकून मला क्षणभर टोमणा वाटला. पण तो मधल्या भागांत किंचित् ताणला जातो आणि वांकाला जपतो, हें खरें आहे.

दोन दुपारीं मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसून होतों. प्रत्येक आरा तिघांना ओलांडून जात होता. निपलाला पाव फेरा इकडे, पाव तिकडे. मधून मधून ते आऱ्यांची जोडी मुठींत धरून अशी आवळीत कीं चाक करकरे. "आतां करकरूं दे, मग रस्त्यावर नाहीं करकरणार." शेवटीं त्यांनीं डावी बाजूहि छेडून दाखवली. तिचा सूर उजवीहून खालचा, पण सगळ्यांचा एकच होता. जोडी दोन किलोंच्या थोडी वर भरली. मुलगी म्हणाली, "बाबा, सायकल जरा दूधवाल्याची दिसते." मला तें वर्णन अमान्य नव्हतें.

दिवे घाट आम्ही पुढल्या महिन्यांत चढलों आणि उतरलों. ती पुढें होती. तलाव दिसला तिथें ती थांबली, मी आल्यावर तिनें अर्धी राहिलेली गोष्ट पुरी केली.

तीनशें किलोमीटर झाल्यावर चाकांचा आऊट पाहून घ्यायला या, असें मामांनीं बजावलें होतें, म्हणून गेलों. त्यांनीं मागचें चाक फिरवलें, रिंगेजवळ नख धरलें, दोन निपलांना किंचित् हात लावला आणि पैसे घ्यायला नकार दिला. शेजारीं एक तरुण नव्या सायकलीचें चाक घेऊन उभा होता. अंगानें माझ्याच पंक्तींतला. मामांनीं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलें. "वजन किती?" तो लाल झाला आणि दुकानांत कोण कोण आहे तें पाहूं लागला. मीं त्याच्या आधीं माझें सांगून टाकलें.